धरण जुने, वीज नवी आणि माशांची वाट

अमेरिकेत नोंदलेली धरणे नव्वद हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतली शेकडा तीनसुद्धा वीज तयार करत नाहीत. बाकीची कुठे पूर अडवायला, कुठे शेतीसाठी, कुठे नळाच्या पाण्यासाठी, तर कुठे मालवाहू बोटींना पुरेसे खोल पाणी मिळावे म्हणून बांधलेली. 2012 साली ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने अशा चोपन्न हजारांवर धरणांचा हिशेब मांडला. एकही नवी भिंत न बांधता त्यांतून सुमारे 12,000 मेगावॉट क्षमता उभी राहू शकते, असा तो हिशेब होता, आणि त्यातले 8,000 मेगावॉट केवळ शंभर मोठ्या ठिकाणी. कोयनेचे चारही टप्पे आणि पायथ्याचे विद्युतगृह मिळून 1,960 मेगावॉट होतात. म्हणजे सहा कोयनांएवढी क्षमता आधीच बांधलेल्या भिंतींवर वाया जाते आहे.

या कल्पनेची भूल पडावी, हे स्वाभाविक आहे. नवे गाव बुडत नाही, नवे जंगल जात नाही, कुणाला उठवावे लागत नाही. 1921 सालचा मुळशीचा सत्याग्रह ज्या महाराष्ट्रात झाला आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढीही जिथे पुनर्वसनासाठी झगडते, तिथे तर या गोष्टीचे मोल कुणी समजावून सांगायला नको. सूर्य मावळल्यावर आणि वारा पडल्यावरही ही वीज मिळू शकते. ओहायो नदीवर कॅनेल्टन, स्मिथलँड, विलो आयलंड आणि मेल्डाल ही चार ठिकाणे जलवाहतुकीसाठी बांधलेल्या बांधांची. तिथे 2016-17 पर्यंत विद्युतगृहे उभी राहिली आणि 300 मेगावॉटहून अधिक क्षमता तयार झाली. आयोवा राज्यातले रेड रॉक धरण 1969 मध्ये पूरनियंत्रणासाठी पूर्ण झाले. 2021 पासून ते वीजही देते.

एवढ्यावर थांबले असते, तर वादाला जागा नव्हती. पण या युक्तिवादाला नेहमी एक पुढचे वाक्य जोडले जाते: धरण झाले तेव्हाच मासे संपले, आता टर्बाइन बसवून त्यांचे आणखी काय बिघडणार? हे वाक्य चुकीचे आहे, आणि ते अभियंत्याच्या तोंडून येते तेव्हा अधिक धोक्याचे असते, कारण त्याच्या हिशेबावर निविदा निघतात.

विजेविना उभे असलेले धरणही नदीचे नुकसान करतेच. पण मासे त्यातूनही काहीतरी वाट काढतात. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून खाली येतात, दरवाजे उघडे असले की बोटींच्या बांधांमधून वर चढतात. कमी उंचीच्या बांधावरून पडणारे पाणी फेसाळते आणि त्यात प्राणवायू मिसळतो. उन्हाळ्यात खालच्या डोहांतले जीव त्यावर तगतात. टर्बाइन आले की हेच पाणी सांडव्यावरून न पडता नळातून जाते. फेस जातो, प्राणवायूही जातो. आधी मोकळे असलेले पाणी आता पात्यांमधून फिरते. शिवाय विद्युतगृहातून बाहेर पडणारा जोरदार प्रवाह वर चढू पाहणाऱ्या माशांना स्वतःकडे ओढतो, कारण प्रवाहाच्या उलट दिशेने चढणे हा त्यांचा स्वभाव. ते तिथे येऊन थडकतात आणि दिवसेंदिवस काँक्रीटच्या भिंतीशी घोटाळत राहतात. म्हणजे धरणाने जे केले, त्यात टर्बाइन स्वतःची वेगळी भर घालते. ती किती, हे यंत्र कोणते, ते कुठे बसवले आणि कसे चालवले यावर ठरते. तिन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

टर्बाइनच्या आत माशाचे काय होते, हा अनेक वर्षे अंदाजाचा विषय होता. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने त्यासाठी ‘सेन्सर फिश’ नावाचे उपकरण तयार केले. हाताच्या बोटाएवढी ही प्लास्टिकची नळकांडी टर्बाइनमधून सोडतात आणि ती सेकंदाला दोन हजारांवर वेळा दाब, धक्का आणि गिरकी नोंदते. त्यातून जे चित्र मिळाले, त्यात तीन गोष्टी ठळक होत्या. पहिली, पात्याचा फटका. मासा जितका लांब, पाती जितकी जास्त आणि फिरण्याचा वेग जितका अधिक, तितकी फटका बसण्याची शक्यता वाढते. दुसरी, पाते आणि मधला दांडा किंवा बाहेरचे कडे यांच्यातल्या फटीत चिमटणे. तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. पात्यामागे दाब क्षणार्धात एकदम घसरतो, आणि माशाच्या पोटातला वाताशय, म्हणजे ज्याच्या बळावर तो पाण्यात तरंगतो ती हवेची पिशवी, फुगते, कधी फुटते. काही जाती तोंडावाटे हवा सोडून थोड्या बचावतात. ज्यांचा वाताशय बंद असतो, त्यांना ती सोयही नसते. असा मासा बाहेर पडतो तेव्हा अंगावर जखम दिसत नाही, पण तो थोड्याच वेळात मरतो किंवा पाण्यावर उलटा तरंगत बगळ्यांच्या तोंडी जातो.

या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत, आणि ते कल्पनेतले नाहीत. स्नेक नदीवरच्या आइस हार्बर धरणात जुने टर्बाइन बदलताना नव्या पात्यांचा आकार मासे डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला. चाचणीत सॅमनच्या पिलांपैकी सुमारे 98 टक्के जिवंत बाहेर पडली. फ्रान्समध्ये तार्न नदीवर मियो इथे 2007 साली एक वेगळेच यंत्र बसले. मोठ्या व्यासाचे, अगदी सावकाश फिरणारे आणि थोड्याशा उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर चालणारे. थेम्स नदीवरच्या रॉम्नी बांधावर आर्किमिडीजच्या स्क्रूचे तत्त्व उलटे वापरून विंडसर किल्ल्यासाठी वीज तयार होते. त्या संथ फिरणाऱ्या स्क्रूमधून मासे पाण्याबरोबर खाली घसरतात. कॅलिफोर्नियातल्या नाटेल एनर्जी या कंपनीने पात्याची पुढची कड जाड, गोलसर आणि तिरपी केली. जाड गोल कडेपुढे पाण्याची एक गादी तयार होते आणि ती माशाला बाजूला सारते, एवढे साधे भौतिकशास्त्र त्यामागे आहे. या यंत्रातून सोडलेले मासे, अगदी लांबलचक ईलसुद्धा, जवळपास सगळे वाचल्याचे कंपनीच्या चाचण्यांमध्ये दिसले.

तरीही अशा टक्केवारीकडे पाहताना दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला, कुठला मासा? वीतभर पिलू आणि हातभर लांबीचा प्रौढ मासा यांची गोष्ट एक नाही. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: असे किती टप्पे? स्नेक नदीतून समुद्राकडे निघालेल्या सॅमनच्या वाटेवर आठ धरणे आहेत. प्रत्येक ठिकाणी 95 टक्के मासे वाचतात असे धरले, तर आठव्या धरणाखाली शंभरातले 66 उरतात. 98 टक्के धरले तर 85. एका प्रकल्पाच्या अहवालात जी संख्या अभिमानाने छापली जाते, तीच नदीभर गुणत नेली की तिचा अर्थ बदलतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एका धरणावर सापडत नाही. ते खोऱ्यात शोधावे लागते.

ते कसे शोधायचे, हे मेन राज्यातल्या पेनॉब्स्कॉट नदीने दाखवले आहे. या नदीत अटलांटिक सॅमन एवढे होते की, 1912 पासून हंगामातला पहिला मासा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पाठवण्याची प्रथा पडली. 1992 नंतर ती बंद पडली, कारण पाठवायला मासेच उरले नव्हते. नदीकाठी पिढ्यानपिढ्या राहणारे पेनॉब्स्कॉट आदिवासी, पर्यावरण संस्था, राज्य आणि केंद्र सरकार आणि धरणांची मालक असलेली वीज कंपनी यांच्यात बरीच वर्षे वाद चालला. 2004 मध्ये त्यांनी एक करार केला. त्यातली युक्ती साधी आणि धाडसी होती. समुद्राच्या बाजूची दोन धरणे, व्हीझी आणि ग्रेट वर्क्स, पाडायची. हाउलंड धरणाला वळसा घालून नदीसारखा प्रवाह काढायचा. आणि त्यामुळे गेलेली वीज याच खोऱ्यातल्या उरलेल्या धरणांवर वाढवून भरून काढायची.

या कामासाठी उभारलेल्या विश्वस्त संस्थेने सुमारे अडीच कोटी डॉलर मोजून तीन धरणे विकत घेतली. ग्रेट वर्क्स 2012 मध्ये पडले, व्हीझी 2013 मध्ये. त्याच काळात स्टिलवॉटर आणि ओरोनो या दोन जुन्या धरणांवर नवी, जास्तीची विद्युतगृहे उभी राहिली. नदीवरच्या मिलफर्ड धरणावर माशांना वर उचलून नेणारी लिफ्ट बसली, तीही विद्युतगृहाच्या प्रवाहाशी, म्हणजे मासे आपण होऊन जिथे येतात तिथेच. एकूण वीज जेवढी होती तेवढी राहिली, किंचित वाढलीही. आणि नदीत हेरिंगच्या जातीचे मासे, जे आधी नाममात्र उरले होते, ते काही वर्षांतच लाखांनी चढू लागले.

हे यश पूर्ण आहे असे म्हणणे खोटे ठरेल. सॅमन अजूनही धोक्यातच आहे आणि मिलफर्डच्या लिफ्टपाशी तो बराच काळ अडकून पडतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. पण नदीचे मासे आणि वीज यांचा एकत्र हिशेब करता येतो, आणि तो केला की दोघांनाही पूर्वीपेक्षा वाईट दिवस येत नाहीत, हे या खोऱ्यात सिद्ध झाले आहे. जिथे माशांना कमीत कमी त्रास तिथे वीज वाढवायची आणि जिथे एक भिंत सगळ्या नदीची दारे बंद करते तिथे ती काढायची, हे शहाणपण वीज कंपन्यांनाही पटू लागले आहे. 2020 साली अमेरिकेतल्या जलविद्युत उद्योगाने आणि नदी वाचवण्यासाठी लढणाऱ्या संस्थांनी काढलेल्या संयुक्त निवेदनात सुधारणे, वीज जोडणे आणि पाडणे या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्याच्या दहा वर्षे आधी ही माणसे एका टेबलाशी बसली नसती.

ती बसली, कारण तिथल्या कायद्याने टेबल मांडून ठेवले होते. ज्या जुन्या भिंतीवर वीज नाही, तिला बहुधा कुणी काही विचारत नाही. ती उभी असते, एवढेच. तिच्यावर खासगी किंवा स्थानिक संस्थेला वीज करायची असेल, तर मात्र केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाचा परवाना लागतो. त्या परवान्यात मासेविषयक खात्यांनी सांगितलेली मत्स्यमार्गाची अट आयोगाला घालावीच लागते. 1986 च्या दुरुस्तीनंतर वीज आणि वन्यजीव यांना समान विचार देणेही आयोगावर बंधनकारक झाले. परवाना तीस ते पन्नास वर्षांचा असतो आणि मुदत संपली की सगळा हिशेब पुन्हा उघडतो. केनेबेक नदीवरचे 1837 सालचे एडवर्ड्स धरण याच हिशेबात हरले: साडेतीन मेगावॉट विजेपेक्षा नदीचे मोल अधिक आहे, असे आयोगाने 1997 मध्ये मालकाची इच्छा डावलून ठरवले आणि 1999 मध्ये ते पाडले गेले.

या लेखाचे म्हणणे इथेच आहे. जुन्या धरणावर टर्बाइन बसवणे ही धोक्याची गोष्ट आहे, तशीच ती नदीच्या दृष्टीने फार दुर्मीळ संधीही आहे. धरण बांधून झाल्यावर नदीकडे पुन्हा पैसा, अभियंते आणि कायदा एकत्र येण्याचे प्रसंग क्वचित येतात. वीज हा तसा प्रसंग आहे. धरणाने पन्नास वर्षांपूर्वी जे देणे मागे ठेवले, ते फेडण्यासाठी उत्पन्नाचा स्रोत पहिल्यांदाच तयार होत असतो. तो प्रसंग अटींशिवाय निसटू दिला, तर पुढची तीस-चाळीस वर्षे कुणी विचारणार नाही.

महाराष्ट्रात तो निसटतो आहे. देशातली सर्वांत जास्त मोठी धरणे याच राज्यात, सुमारे 2,400. त्यांतल्या अनेकांच्या पायथ्याशी विद्युतगृहे आहेत: भाटघर 16 मेगावॉट, वारणा 16, दूधगंगा 24, पवना 10, वीर 9, पानशेत आणि वरसगाव प्रत्येकी 8. 2005 च्या धोरणाने अशी लघुजलविद्युत ठिकाणे खासगी विकासकांनाही खुली झाली. पण 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार 25 मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही. धरण पायथ्याची जवळपास सगळी ठिकाणे या रेषेच्या खाली येतात. लहान म्हणजे निरुपद्रवी, असे या नियमाने गृहीत धरले आहे. नदीच्या बाजूने पाहिले तर मेगावॉट हा माशाला बसणाऱ्या फटक्याचा मापदंडच नाही. लहान टर्बाइन सहसा अधिक वेगाने फिरते आणि त्याच्या पात्यांमधली जागाही कमी असते.

‘आपल्या नद्यांत आता वाचवायला मासे आहेत कुठे?’ असे विचारणाऱ्यांनी सह्याद्रीच्या उतारांवर जाऊन पाहावे. 1839 साली कर्नल साईक्सने ज्या माशाची शास्त्रीय नोंद पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून केली, तो महसीर, आपली खडशी, पावसाळ्यात वर चढून स्वच्छ गोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीच्या नावाने तो राखला जातो. लोणावळ्यात टाटांच्या मत्स्यबीज केंद्राने गेली पन्नास वर्षे त्याची पिल्ले वाढवली आणि देशभर पाठवली. अहीर मासा, म्हणजे आपल्याकडचा ठिपक्यांचा ईल, याच्या उलट प्रवास करतो: समुद्रात जन्मतो, पिलू असताना नदी चढतो, वर्षानुवर्षे डोहात राहतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्र गाठतो. पात्यांच्या हिशेबात सर्वांत वाईट अंग त्याचे, लांब आणि प्रौढपणी खाली उतरणारे. गंगेवर 1975 मध्ये फरक्का बंधारा झाल्यावर वरच्या अंगाला हिलसा कसा आटला, हे बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या मच्छीमारांनी भोगले आहे.

इथे अमेरिकेची नक्कल करून मात्र भागणार नाही. ऑस्ट्रेलियात मरे नदीवर सॅमनसाठी आखलेल्या पद्धतीच्या मत्स्यशिड्या बांधल्या होत्या. तिथले मासे त्या चढलेच नाहीत, कारण त्यांना सॅमनसारखी उडी घेता येत नाही. 1991 मध्ये टोरंबरी इथे स्थानिक माशांची पोहण्याची ताकद मोजून उतार आणि वेग ठरवला, तेव्हा ते चढू लागले. खडशी किती वेगाच्या प्रवाहात किती वेळ तग धरते, अहिराचे पिलू ओल्या खडबडीत भिंतीवरून किती चढते, हे आधी मोजले पाहिजे. उंच धरणावर शिडी बहुधा निरर्थकच ठरेल. तिथे दुसऱ्या गोष्टींचा उपयोग आहे.

त्यांतली पहिली म्हणजे आवर्तनांच्या मधला काळ. आपली पायथ्याची विद्युतगृहे सिंचनाचे पाणी सुटते तेव्हा चालतात आणि आवर्तन संपले की खालचे पात्र कोरडे पडते. वर्षभर थोडे पाणी सोडण्याची अट घातली, तर त्या थोड्या पाण्यावर चालणारे एक छोटे टर्बाइन वेगळे बसवता येते. नदी वाहती राहते आणि ते पाणीही फुकट जात नाही. दुसरी गोष्ट प्राणवायूची. खोल जलाशयाच्या तळाचे पाणी गार आणि निर्जीव असते. टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाने 1990 च्या दशकात सोळा धरणांखालचा प्रवाह आणि प्राणवायू सुधारण्याचे काम हाती घेतले, आणि नॉरिस धरणात टर्बाइनमधूनच पाण्यात हवा मिसळण्याची सोय केली. हे तंत्र आता जुने झाले आहे. ते मागण्यासाठी कुणाला संशोधन करावे लागणार नाही. तिसरी जाळी. नळाच्या तोंडाशी बारीक फटींची तिरपी जाळी बसवली तर जलाशयातले मोठे मासे आत ओढले जात नाहीत. जलपर्णी आणि प्लास्टिकने ती तुंबते हे खरे, म्हणून ती साफ करणारे यंत्र निविदेतच धरावे लागते. या जाळीचा फायदा जलाशयाचा मासेमारीचा ठेका घेणाऱ्या सहकारी संस्थेलाही आहे. तिने पैसे मोजून सोडलेले कटला आणि रोहूही त्याच नळातून जातात, आणि नदीकाठच्या भोई कुटुंबांच्या ताटातला मासा त्याच हिशेबातला आहे.

खर्चाचा आक्षेप येणारच. लहान प्रकल्पाला एवढी ओझी झेपणार नाहीत, असे विकासक म्हणेल, आणि काही ठिकाणी ते खरेही असेल. त्यावर उत्तर अटी काढून टाकणे हे नव्हे. जिथे नदीला सांभाळून वीज परवडत नाही, तिथे वीज परवडतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन हजारांवर धरणांतून चांगली ठिकाणे निवडण्याची मुभा असताना वाईट ठिकाणी हट्ट धरण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा जलसंपदा विभागाने पुढच्या धरण पायथा विद्युतगृहाची निविदा काढताना चार ओळी वाढवाव्यात: त्या नदीत कोणते मासे आहेत याची वर्षभराची पाहणी आधी करावी, टर्बाइनची निवड त्या माशांच्या लांबीवर तपासावी, आवर्तनाबाहेर सोडायचे किमान पाणी आकड्यात लिहावे, आणि विद्युतगृहाखालच्या प्राणवायूची नोंद दर महिन्याला लोकांसाठी जाहीर करावी. केंद्राने 25 मेगावॉटची सूट धरण पायथ्याच्या प्रकल्पांपुरती तरी काढून घ्यावी. आणि ज्यांच्या गावाजवळ असे विद्युतगृह येऊ घातले आहे, त्यांनी करार होण्याआधी ग्रामसभेत हे चार प्रश्न लेखी विचारावेत. करार झाल्यावर उत्तर द्यायला कुणीही बांधील राहणार नाही.